पिकल्या केसांनी मागितलेली सही

चाळिशी ओलांडलेल्या माणसानं विशीतल्या खेळाडूपुढे वही-पेन धरावं का, हे लोक मला विचारत आले आहेत. आडतीवर हळद घेऊन येणारे कास्तकार विचारतात, सोयरे विचारतात, घरातही विचारून झालंय. "पोरासोरांचं काम ते, मुनीमजी. तुमच्या वयाला शोभतं का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपल्याकडे हौसेला वयाची अट आहे आणि सही मागणं ही दहावीच्या आत उरकून टाकायची गोष्ट मानली जाते. माझं मत उलट आहे. सही मागावी ती मोठेपणीच. लहानपणी आपण नावाला भुलतो. त्या नावामागं किती वर्षं खर्ची पडली असतील याचा अंदाज यायला आपलीही थोडी वर्षं खर्ची पडावी लागतात.

माझी वही 1983 सालची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं; स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. पूर्णा-अकोला मार्गावर मीटरगेजची गाडी धावायची आणि जग आमच्यापर्यंत यायचं ते रेडिओतून. 25 जूनला कपिल देवच्या संघानं लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला 43 धावांनी हरवलं आणि त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या पोरांनी लाकडाच्या फळ्या तासून बॅटी केल्या. मी दोनशे पानी वही घेतली, तिला खाकी कव्हर घातलं आणि वर लिहिलं, 'खेळाडूंच्या सह्या'.

पण खेळाडू आणायचा कुठून? मुंबईतलं पोरगं वानखेडेच्या फाटकाशी उभं राहू शकतं, पुण्यातलं नेहरू स्टेडियमपाशी. हिंगोलीच्या वाटेनं कुठला कसोटीपटू जाणार? मग टपालाचा मार्ग. मोठ्या अक्षरात पत्र लिहायचं, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवायचं आणि पोस्टमनची वाट बघायची. बहुतेक पत्रांना उत्तर आलं नाही. एकदा मात्र पाकीट परत आलं, आत गुळगुळीत फोटो आणि त्यावर तिरपी सही. मी तो वर्गभर मिरवला.

संध्याकाळी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो फोटो हातात घेतला. दादाही आडतीवर मुनीमच होते. त्यांनी सही बघितलीच नाही. फोटो उलटा केला आणि मागच्या बाजूनं अंगठा हळूच फिरवला. मग मला जवळ बसवून स्वतःची खातेवही उघडली, एक पान उलटलं आणि माझं बोट त्याच्या पाठीवरून फिरवलं. कागद खरखरीत लागत होता. पेनाचा दाब मागं उठला होता. "माणसानं टेकून लिहिलं की कागदाला कळतं," ते म्हणाले. फोटोची पाठ सपाट होती. सही छापलेली होती. त्यांनी मला हिणवलं नाही की फोटो फेकायलाही लावला नाही. तो आजही वहीत आहे, पण पहिल्या पानावर नाही.

पहिल्या पानावर सही आहे ती एका पैलवानाची. सेनगाव तालुक्यातल्या मामाच्या गावी जत्रेत कुस्त्यांचा फड भरायचा. ताक, तेल, लिंबू आणि आमच्याच भागातली हळद मुरवलेली माती, हलगीचा ताल, आधी रेवड्यांवरच्या पोराटोरांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग इनामाच्या. त्या वर्षी शेवटची मानाची कुस्ती बराच वेळ खडाखडीतच चालली होती, निकाली लागते की सोडवावी लागते असं पंचांनाही वाटायला लागलं होतं, तेवढ्यात लातूरकडून आलेल्या त्या गड्यानं एकचाक डाव टाकला आणि समोरचा चितपट झाला. गर्दी ओसरल्यावर मी वही घेऊन गेलो. तो हौदाच्या कडेला बसून कानातली माती काढत होता. त्यानं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय लिहू?" मी म्हणालो, सही. त्यानं धोतराला हात पुसले, तरी बोटं पिवळी ती पिवळीच. वही मांडीवर नीट ठेवली आणि एकेक अक्षर काढत लिहिलं: 'पै.', मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खाली गाव, त्याच्या खाली तालीम आणि वस्तादांचं नाव. पान निम्मं भरलं. शेवटी वही परत देताना म्हणाला, "वस्तादांचं नाव बरोबर आलंय ना, बघ बरं."

ज्या लातूर जिल्ह्यातून तो आला होता, तिथल्याच रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी 1970 साली एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणलं होतं. हे मला पुढं कळलं. त्या वयात मला इतकंच दिसलं की ज्याला आपण खेळाडू म्हणतो तो आपल्या सहीत एकटा नसतो. त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्यांनाही तो त्या पानावर जागा देतो.

शिक्षण संपलं आणि मीही आडतीवर लागलो. मुनीमाचं सगळं आयुष्य सह्यांत जातं. बीट म्हणजे मालाची बोली झाली, काट्यावर वजन झालं, हमाली-तोलाई वजा झाली, पट्टी तयार झाली की कास्तकार सही करतो. उचल घेतली की सही, फेडली की सही. इथल्या प्रत्येक सहीत कुणीतरी कुणालातरी बांधलेलं असतं. सही करताना माणसाचा हात जड होतो, हे मी रोज बघतो. खेळाडूची सही ही मला माहीत असलेली एकच सही आहे जी कुणाला बांधत नाही. ना देणाऱ्यावर काही चढतं, ना घेणाऱ्यावर. म्हणून दिवसभराच्या पावत्यांनंतर रात्री ती वही उघडली की मन निवतं. हे सुख मुलाला कळणार नाही. त्यासाठी आधी दुसऱ्या प्रकारच्या सह्या पुष्कळ बघाव्या लागतात.

नांदेडला श्री गुरू गोविंदसिंघजी यांच्या नावानं हॉकीची अखिल भारतीय स्पर्धा भरते, सुवर्ण आणि रजत चषकाची. तिशीत मी ती बघायला जायला लागलो. रेल्वेचे, पोलिसांचे, सैन्याचे संघ येतात. सामना संपला की खेळाडू मैदानाच्या कडेला बसून बूट सोडतात, गुडघ्यावर बर्फ धरतात आणि त्यांच्याभोवती कुणी नसतं. तिथं वही पुढं केली की आधी ते मागं वळून बघतात. आपल्यामागं दुसरा कुणी मोठा खेळाडू उभा आहे की काय, म्हणून. मग विचारतात, "किस के लिए? बच्चे के लिए?" मी सांगतो, माझ्यासाठी. हे ऐकल्यावर चेहऱ्यावर जे येतं ते मी फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी मला वाटतं, एवढ्यासाठी नांदेडला येणं सार्थकी लागलं. मुलगा सही मागतो तेव्हा खेळाडूला कौतुक वाटतं. संसारी, पिकल्या केसांचा माणूस मागतो तेव्हा त्याला कळतं की आपला खेळ कुणीतरी समजून बघितला.

वयानं लहान असलेल्यापुढं वाकायचं कसं, हा आक्षेप मला आमच्या जिल्ह्यात तरी पटत नाही. संत नामदेवांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात आहे. वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. सत्तरीचा म्हातारा दहा वर्षांच्या टाळकऱ्यापुढं वाकतो आणि त्यात कुणाला कमीपणा दिसत नाही. समोरच्यात जे आहे त्याला तो नमस्कार असतो, वयाला नसतो. ज्या मातीत हे रुजलंय तिथल्या माणसानं एकोणीस वर्षांच्या खेळाडूपुढं वही धरायला लाजावं का?

मोठ्यांच्या सही मागण्यात एक खोट आहे आणि तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. धक्काबुक्की मोठेच करतात. मैदानाच्या जाळीपाशी, हॉटेलच्या दारात पोरांच्या डोक्यावरून बॅट पुढं सारणारे हात दाढीमिशा असलेल्यांचे असतात. काहींना ती बॅट विकायची असते, म्हणून ते सहीबरोबर नाव लिहून घेत नाहीत, कारण नाव घातलं की गिऱ्हाईक मिळत नाही. हा धंदा मला मनापासून नकोसा वाटतो. मोठ्यानं सही मागायची तर लहान मुलं आधी, खेळाडू जेवत असेल किंवा हरून आला असेल तर नाही, आणि घेतलेली सही विकायची नाही. एवढं पाळलं तर कुणाचंही वय आड येऊ नये. डोंबिवलीच्या सतीश चाफेकरांनी मोठेपणी हा छंद किती निगुतीनं जोपासला आणि आपला संग्रह लोकांपुढं मांडला, हे महाराष्ट्रानं पाहिलंय.

सहीचं मोल कशात, याचा एक किस्सा मला फार आवडतो. 1933-34 मध्ये डग्लस जार्डिनचा एमसीसी संघ भारतात आला होता. विजय मर्चंट यांच्या बहिणीच्या वहीत त्या संघाच्या सह्या होत्या. ती वही गांधीजींपुढं गेली, तेव्हा त्यांनी पानं चाळली आणि नेमकं तेच पान निवडून सोळा खेळाडूंखाली सतरावी सही केली. एरवी ते सहीचे पाच रुपये हरिजन फंडासाठी घेत. इंग्रज कर्णधाराच्या संघाखाली त्यांनी आपलं नाव घातलं. त्या पानाला मी इतिहासाचं पान मानतो.

आता सेल्फी आहे. सेल्फी काढताना आपण खेळाडूकडे पाठ करतो आणि दोघंही मोबाइलकडे बघतो. सही घेताना समोरासमोर उभं राहावं लागतं, आपलं नाव सांगावं लागतं, तो लिहीपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात एखादं वाक्य बोलता येतं. मी शक्यतो त्याच्या खेळातला एखादा क्षण सांगतो. 'तुम्ही फार छान खेळता' हे त्यानं हजारदा ऐकलेलं असतं, पण 'तो चेंडू तुम्ही डावीकडून अडवलात' असं म्हटलं की पेन थांबतं आणि तो मान वर करून बघतो.

माझ्या मनातली यादी आता मराठवाड्याचीच आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदानं. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर देशाचा तिरंगा घेऊन चालल्या. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तो खो-खोला बावीस वर्षांनी मिळालेला अर्जुन होता. मूळ बीड जिल्ह्याच्या प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत भारतानं महिलांचा पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. आमच्या बाजारात ही चार नावं घेतली तर किती जण ओळखतील? क्रिकेटच्या अकरा जणांची नावं मात्र हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ. क्रिकेटवर माझा राग नाही, वहीची सुरुवातच क्रिकेटनं झाली. पण ज्याच्यापुढं हजार वह्या आहेत त्याला माझ्या वहीचं काय? आणि जिच्यापुढं एकही नाही, तिला?

मागच्या पावसाळ्यात कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर खो-खोच्या मुली सराव करत होत्या. त्यांच्यातली एक राज्यपातळीवर खेळून आलेली. तिची आई आमच्याकडे येणाऱ्या एका कास्तकाराच्या शेतात निंदायला जाते, तिच्याच तोंडून हे कळलं होतं. सर उभे होते, आईही आली होती. मी वही पुढं केली. पोरीनं आईकडे बघितलं, मग सरांकडे. "सर, मला सही येत नाही," ती म्हणाली. सर म्हणाले, "मग आज ठरव." ती वही घेऊन खांबाशी गेली, कागदाच्या चिठोऱ्यावर दोन-तीन तऱ्हा करून बघितल्या आणि परत येऊन विचारलं, "काका, पूर्ण नाव लिहू का?" मी म्हणालो, लिही. तिनं नाव लिहिलं, मधे वडिलांऐवजी आईचं नाव घातलं, खाली शाळा आणि गाव. पेन इतकं दाबलं होतं की मागचं पानही उठलं. तिची आई पदरानं तोंड झाकून हसत होती आणि मग तिनं विचारलं, ही वही कुठं ठेवणार, भिजणार तर नाही ना.

वही लोखंडी पेटीत आहे, भिजणार नाही. आणि तुम्हीही एक वही घ्या. तुमच्या तालुक्यातल्या शाळेचा संघ विभागाला खेळून येईल, जत्रेत फड भरेल, तेव्हा पोरांना पुढं होऊ द्या, मग आपण जा आणि सही मागा. पूर्ण नाव, गाव, वस्तादांचं किंवा सरांचं नाव आणि तारीख लिहून घ्यायला विसरू नका.