सातशे तीस दिवस

दांडिया बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की पहिला प्रश्न हाच असतो, "अरे, तुझं कॅनडाचं कार्ड अजून चालू आहे ना?" काळजीनं विचारतात, म्हणून मीही नीट उत्तर देतो.

कार्ड वेगळं आणि कायम रहिवासाचा हक्क वेगळा. कार्डाची मुदत संपली म्हणून हक्क जात नाही. तो टिकतो दिवसांवर. पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहिलेलं असावं लागतं. ते सलग नसले तरी चालतात आणि विमान रात्री उतरलं तरी तो दिवस पूर्ण धरतात.

मी १० जून २०२२ ला टोरांटोला उतरलो. १२ ऑक्टोबर २०२३ ला बाबा गेले म्हणून निघालो. तेरावं झालं आणि महिन्याभरात आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून बडोद्यातच आहे. जमा ४९० दिवस, बाकी २४०. पाच वर्षं जून २०२७ मध्ये भरतात, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत तिथं पोचायचं आणि मग जूनपर्यंत हलायचं नाही.

"पण काम तर तिकडच्याच कंपनीचं करतोस ना?" हा पुढचा प्रश्न. या समजुतीवर बरेच जण निर्धास्त असतात. कंपनीनं पूर्णवेळ नोकरीवर ठेवून स्वतः परदेशी नेमणूक दिली असेल, तर ते दिवस मिळू शकतात. आपल्या सोयीनं घरी बसून लॅपटॉप उघडला, तर नाही. कॅनडाची नागरिक असलेल्या बायकोबरोबर बाहेर राहिलेले दिवसही धरतात. माझं लग्नच झालेलं नाही. (हे आईसमोर बोलायची सोय नाही, लगेच स्थळं निघतात.)

आईलाच घेऊन जा, असंही सुचवतात. आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्याला आरोग्य विमा लागतो. हप्त्याचा आकडा बघून मी गप्प झालो. आई त्याआधीच गप्प झाली होती. तिला रोज सकाळी दूधवाल्याशी गुजरातीत हुज्जत घालायची असते, ती तिकडे कुणाशी घालणार?

दिवस कमी पडले तरी हक्क आपोआप जात नाही. अधिकाऱ्याला तसा निर्णय द्यावा लागतो, त्यावर अपील करता येतं, आणि माणुसकीच्या कारणांचा विचार करायची तरतूद कायद्यातच आहे. आईवडिलांचं आजारपण हे तसं कारण ठरू शकतं. म्हणून तिकिटं, पासपोर्टचे शिक्के, हॉस्पिटलचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवलेत. पण आईचं दुखणं पुरावा म्हणून फाइलला लावताना हात जड होतो. डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स आणल्या तेव्हा तिनं विचारलं, "एक मेडिक्लेमला, दुसरी कशाला?" मी विषय बदलला.

तिला कळलं नसेल असं नाही. २०२६ चं कालनिर्णय घरात आलं, त्या दिवशी तिनं वॉकर बाजूला ठेवून आधी ऑक्टोबरचं पान काढलं. म्हणाली, "तेरा तारीख नवरात्रात येते. घट बसवून जा. उठवायचं मी बघते."