हलेना म्हणजे हलेना

माणसाला घरातून हलवणं कठीण की कॉम्प्युटरच्या मेमरीतून एक पान हलवणं कठीण, असा प्रश्न कुणी मला पूर्वी विचारला असता तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण गेल्या वैशाखात ही दोन्ही कामं एकदमच माझ्या गळ्यात पडली. घरी पावसाळ्याआधी वाड्याचं छप्पर उतरवायचं होतं, म्हणून मधल्या खोलीतल्या आत्याला पंधरा दिवस माझ्या फ्लॅटवर न्यायचं होतं. आणि ऑफिसातल्या एका यंत्राच्या मेमरीचा एक तुकडा वारंवार चुका करू लागला होता. यंत्र बंद न करता तेवढाच तुकडा वापरातून काढायचा होता.

लिनक्समध्ये याची सोय आहे. मेमरीचे गाळे पाडलेले असतात. आमच्या यंत्रावर एक गाळा 128 मेगाबाइटचा, त्यात चार-चार किलोबाइटची पानं. म्हणजे 32,768 भाडेकरू! गाळा 'ऑफलाइन' करा म्हटलं की कर्नल आधी तिथं नवं बिऱ्हाड येऊ देत नाही. मग एकेका पानावरचा मजकूर दुसरीकडे उतरवून घेतो आणि पत्ता बदलून टाकतो. ज्या प्रोग्रामचं ते पान, त्याला कळतसुद्धा नाही. इतकं अदबशीर स्थलांतर मी माणसांत पाहिलेलं नाही. आमच्याकडे नुसता माळा रिकामा करायचा म्हटलं तरी तीन भावांची बोलणी बंद होतात.

मी हुकूम सोडला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लॉगमध्ये आपलं 'मायग्रेशन फेल्युअर', 'मायग्रेशन फेल्युअर', तेही त्याच त्याच पानांच्या नावानं. कर्नलचा स्वभाव असा की पान हललं नाही तर तो रागावत नाही, पुन्हा विनवतो. आपण थांबवेपर्यंत विनवतच राहतो. हुबेहूब मी!

"आत्या, पंधराच दिवस गं."

"नाही."

"वरून कौलं पडतील."

"पडू देत. सत्तर वर्षं नाही पडली."

शेवटी मी हुकूम मागे घेतला. गाळा पुन्हा सुरू झाला, एक अक्षर हरवलं नाही. दुसऱ्या खेपेला हुकमाला दोन मिनिटांची मुदत घातली. मुदत संपली, पानं जागची हलली नाहीत. साहेब म्हणाले, "बंद करून चालू करा." पण महिनाअखेर होती, आणि त्याच यंत्रावर आम्हा सगळ्यांचे पगार शिजत होते.

मग विभागातली एक नवी मुलगी लॉग वाचून म्हणाली, "सर, पान हट्टी नाहीये. त्याला कुणीतरी धरून ठेवलंय."

खरंच की! कुठलं पान किती जणांनी धरलंय याची कर्नल मोजदाद ठेवतो, आणि हिशेबाबाहेरचा एक जरी हात दिसला तरी ते पान हलवत नाही. कुणीतरी चाचणीसाठी एक आभासी यंत्र उभं करून त्याला नेटवर्क कार्ड थेट जोडून दिलं होतं, आणि मग विसरून गेलं होतं. असलं कार्ड प्रोसेसरला न विचारता परस्पर मेमरीत लिहितं, म्हणून त्या यंत्राची पानं जागच्या जागी खिळवून ठेवावी लागतात. ती मी जबरदस्तीनं हलवली असती तर कार्ड जुन्याच पत्त्यावर लिहीत बसलं असतं, आणि तिथं तोवर दुसऱ्याचं बिऱ्हाड! माझा पगार कुणाच्या खात्यात गेला असता, देव जाणे. आम्ही ते विसरलेलं यंत्र बंद केलं आणि गाळा बघता बघता रिकामा झाला. (कर्नलची स्वतःची काही पानं तर कशानंच हलत नाहीत. म्हणून पुढंमागं काढायची मेमरी असेल तर ती पहिल्यापासून हलत्या पानांसाठीच राखून ठेवायची असते. हे शहाणपण आम्हाला उशिरा सुचलं.)

त्या संध्याकाळी मी आत्याला 'चल' म्हटलंच नाही. विचारलं, "आत्या, तुला इथं कुणी धरून ठेवलंय का गं?"

ती बराच वेळ कोनाड्यातल्या जुन्या फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, इंदूरच्या दादाला आता काही आठवत नाही. पोरांची नावंसुद्धा नाही. एवढा एक नंबर तेवढा पाठ आहे. दर रविवारी करतो."

सोमवारी मी टेलिफोनच्या कचेरीत अर्ज देऊन तो नंबर माझ्या मोबाइलवर वळवून घेतला. शनिवारी आत्या मुकाट्यानं रिक्षात बसली. रविवारी सकाळी आठपासून माझा मोबाइल मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसून होती. मला हात लावू देईना. सव्वानऊला तो वाजला.

"हो रे दादा," आत्या म्हणाली, "घरीच आहे मी. जाते कुठं?"