भट्टी, पाणी आणि चढ

प्रिय दोस्ता,

‘पफिंग बिली’ या वाफेच्या गाडीचे फोटो पोचले. बेलग्रेव्हच्या फलाटावर, मागे धुराचा लोट आणि तू! फार हेवा वाटला रे. आता माझ्या इंजिनाची हकीकत ऐक.

‘डिरेल व्हॅली’ म्हणून एक गेम आहे, २०१९ साली आलेला. एक काल्पनिक युरोपीय खोरं, त्यात बंदर, पोलाद कारखाना, कोळशाची खाण, लाकूड गिरणी आणि या सगळ्यांना जोडणारे रूळ. इकडचा माल तिकडे न्यायचा, एवढंच काम. वाघिणी जोडायला स्वतः खाली उतरायचं, साखळी अडकवायची, ब्रेकचा हवेचा पाइप जोडायचा. मला हे फार आवडतं. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मधली १८९९ च्या अमेरिकेतली आगगाडी देखणीच आहे, पण तिथे बटण दाबलं की गाडी सुटते. इंजिन म्हणजे काय ते कळत नाही.

इथे ते कळतं. मोठं वाफेचं इंजिन मिकाडो जातीचं आहे: पुढे दोन चाकं, मध्ये ओढणारी आठ, मागे दोन. आपल्याकडच्या डब्ल्यूजी इंजिनांची मांडणीही हीच. चित्तरंजनच्या इंजिन कारखान्याचं १९५० मधलं पहिलं ‘देशबंधू’ आणि १९७० मधलं ब्रॉडगेजचं शेवटचं ‘अंतिम सितारा’, दोन्ही डब्ल्यूजीच.

ड्रायव्हर तूच, फायरमनही तूच. एक डोळा रुळांवर, दुसरा बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या पाण्याच्या काचेवर. भट्टीच्या माथ्यावर पाणी असलंच पाहिजे. ते उतरलं आणि माथा उघडा पडला की बॉयलर फुटतो. पाणी घालायला इंजेक्टर उघडावा, तर आत गेलेल्या थंड पाण्याने दाब उतरतो, आणि नेमका पुढे चढ असतो! म्हणून चढाच्या बऱ्याच आधी कोळसा टाकून दाब वाढवून ठेवायचा. आत्ता टाकलेल्या कोळशाची वाफ आत्ता मिळत नाही, थोड्या वेळाने मिळते. डिझेलवर ही दूरदृष्टी लागत नाही.

आणि सगळ्यात सुंदर गोष्ट सांगू? सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते आणि जाताना भट्टीतून हवा ओढते. म्हणजे ओझं जितकं जास्त, तितकी आग अधिक भडकते. इंजिन आपल्याच श्वासाने आपली भट्टी फुंकतं! शाळेत वाफेच्या इंजिनाची आकृती आपण किती वेळा काढली, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. उभ्या गाडीला हा ओढा मिळत नाही, म्हणून मग ब्लोअर लावावा लागतो.

वेग आला की रिव्हर्सर, म्हणजे पुढे-मागे जायची दिशा ठरवणारा दांडा, हळूहळू मध्याकडे आणायचा, म्हणजे प्रत्येक फेरीला थोडीच वाफ आत जाते आणि उरलेलं काम ती प्रसरण पावता पावता करते. कोळसा वाचतो, आवाजही बदलतो. हेडफोन लावून ऐक, स्पीकरवर ती मजा नाही.

सुरुवातीला लहान डिझेल शंटर मिळतं. वाफेचा परवाना पैसे साठवून काढावा लागतो. कंटाळून मध्येच सोडू नकोस. परवाना मिळाला की कळव, आणि पुढच्या वेळी पफिंग बिलीजवळ गेलास की धूर राहू दे, ड्रायव्हरच्या खोलीतल्या पाण्याच्या काचेचा फोटो काढून पाठव.

तुझा,
जुना बाकमित्र