जुन्या नाडीला नवी नाडी

बाबांच्या ई-बाइकवर एकही वायर लोंबकळत नाही. घेताना आम्हाला त्याचंच कौतुक होतं. गियरची वायर हँडलखालच्या भोकातून फ्रेममध्ये शिरते, पॅडलपाशी बसवलेल्या मोटरला खेटून जाते आणि थेट मागच्या चाकाजवळ बाहेर येते. मधलं सगळं झाकलेलं.

गुडघे दुखायला लागल्यावर बाबांनी सायकल सोडली होती. 250 वॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा वेग असेल तर लायसन्स लागत नाही की नंबर प्लेट, म्हणून ही घेतली. मग ते गिरगावातून लालबागला, जुन्या मित्रांकडे पुन्हा एकटे जायला लागले. चिंचपोकळीचा पूल न उतरता चढलो, हे सांगायला त्यांनी मला ऑफिसात फोन केला होता.

दोन पावसाळ्यांनंतर गियर जड झाला. या गियरचं काम सोपं असतं: वायर ओढतो आपला अंगठा, आणि सोडल्यावर तिला परत खेचते मागच्या चाकाजवळची स्प्रिंग. वायर ज्या नळीतून जाते, तिच्यात पाणी साचून गंज धरला की दोघांचाही जोर कमी पडतो. चढावर बाबांना हलका गियर टाकता येईना. वीस-बावीस किलोची सायकल पुलावर ढकलत न्यावी लागली. “जाऊ दे रे,” ते म्हणाले, “बसनं जाईन.” पण दोन आठवडे ते लालबागला गेलेच नाहीत.

सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, मोटर उतरवावी लागेल, सायकल पंधरा दिवस ठेवून जा. मी ती परळला एका चाळीच्या जिन्याखाली बसणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी सुरुवात केली ती काळ्या सायकलींवर. तिथे ब्रेकसुद्धा सळ्यांचे, सगळं डोळ्यांसमोर. त्यांनी फ्रेमवरून हात फिरवला. “काका, आतली वायर बदलता येईल?” मी विचारलं.

“बॅटरी काढून ठेव आधी,” ते म्हणाले. मग मोटरखालचं कव्हर काढलं. आतली तार पकडीने ओढली, ती तपकिरी होऊन आली. नवी तार जुन्या नळीत सरकवली, तर मोटरजवळच्या वळणावर अडली. म्हणजे नळीच बदलायला हवी होती. मी नळी ओढायला हात घातला, तसे ते म्हणाले, “थांब. परकरात नाडी कशी घालतात, आईला विचार. जुनी सोडायची नाही. तिच्याच शेपटीला नवी बांधायची.”

त्यांनी तारेचा बोटभर तुकडा कापला. अर्धा जुन्या नळीत, अर्धा नव्या नळीत घातला, थेंबभर फेविक्विक लावलं आणि वरून टेपचा एकच पातळ वेढा दिला. जाड सांधा आत अडकला असता. सुटला असता, तर मोटर उतरवावीच लागली असती. मी पुढून ढकलत होतो, ते मागून ओढत होते. वळणावर सांधा थांबला. “ढकल नको, जरा मागे घे,” ते म्हणाले. मागे घेतला, थोडा फिरवला आणि तो निघाला. मग नव्या नळीतून नवी तार सहज गेली.

आमच्या कामातही आतली गुंतागुंत झाकून वर साधं बटण देतात. त्याला ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आत परत जायची वाट ठेवलेली नसली, की दुरुस्ती रस्त्यावरच्या माणसाच्या हातून जाते आणि बाबांसारख्याचं बाहेर पडणं पंधरा दिवसांच्या रांगेत अडकतं. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं होती. परळच्या जिन्याखाली हा हक्क म्हणजे चार स्क्रूंचं एक कव्हर.

घरात कुणासाठी ई-बाइक बघत असाल, तर बॅटरीची रेंज नंतर विचारा. आधी ती उलटी करून बघा: वायर कुठून आत जाते, कुठून बाहेर येते, आणि मधलं झाकण साध्या पान्याने उघडतं का.