जांभळा गालिचा

शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता, रिलीज कशीबशी बाहेर पडल्यावर, माझ्या दुकानदाराचा व्हॉट्सअ‍ॅप आला. फक्त एक फोटो आणि खाली "२२". म्हणजे बावीस हजार. फोटोत पिशवीतल्या पाण्यात जांभळ्या रंगाचं काहीतरी चुरगळून बसलेलं. जांभळा कार्पेट अ‍ॅनिमोन!

ज्यांना या वेडाची बाधा नाही त्यांच्यासाठी: अ‍ॅनिमोन म्हणजे समुद्रफूल. नाव फुलाचं, पण आहे प्राणी, आणि मासेखाऊ. त्यातला हॅडोनी जातीचा कार्पेट वाळूत पाय रोवून गालिच्यासारखा पसरतो. गुजरातेत कच्छच्या आखातात नराऱ्याला ओहोटीला चालत गेलं की तो घोट्याएवढ्या पाण्यात दिसतो. (तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तेव्हा बघायचं आणि परत यायचं.) तपकिरी आणि हिरवट कार्पेट त्यातल्या त्यात मिळतात. निळा, जांभळा, लाल दिसला की आमच्यासारख्यांचं डोकं फिरतं. अमेरिकेत असल्या रंगांना शेकडो डॉलर मोजतात.

एवढे पैसे का? तर क्लाउनफिशची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही केव्हाच जमवली, बबल टिप नावाचा अ‍ॅनिमोन घरच्या टाकीतच दुभंगून दोनाचे चार होतो. कार्पेट मात्र टाकीत सहसा दुभंगत नाही. बाजारात येतो तो जवळजवळ प्रत्येक समुद्रातून उचललेला. आपण पैसे मोजतो ते रंगाचे, पण खर्च होतो जीव.

हे ज्ञान मला सात हजार रुपयांना पडलंय. पहिला हिरवा कार्पेट आणला तेव्हा टाकी दीड महिन्याची होती. एकविसाव्या दिवशी तो विरघळला. वास... असो.

रंगाची फसवणूक तर वेगळीच. अ‍ॅनिमोनच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच उजेडावर त्याला अन्न करून देतं. शेवाळाचा रंग तपकिरी, म्हणून अस्सल जांभळ्याच्या खालीही थोडी तपकिरी झाक असते. प्रवासाच्या हालात शेवाळ निघून गेलं की प्राणी पांढराफटक पडतो आणि काही महाभाग तो चक्क रंगवून विकतात! लिंबासारखा पिवळाधमक दिसला की समजायचं, हा उपाशी आहे. फोटोतल्याला झाक होती. तोंडही घट्ट मिटलेलं. म्हणजे माल खरा.

नेमके त्याच शनिवारी आप्पा शिरूर अनंतपाळहून पुण्याला आलेले. सोयाबीन विकून, लातूरच्या बसने. मी टाकीचं पाणी बदलत होतो. आठवड्याला वीस लिटर, त्यात सातशे ग्रॅम मीठ. आणि ते वीस लिटर आरओचं पाणी काढताना चाळीसेक लिटर नळीवाटे मोरीत.

"ते कुठं चाललंय रं?" आप्पांनी विचारलं.

"वाया जातं ते, आप्पा."

ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. एप्रिल २०१६ मध्ये मी लातूरला सीईटीच्या तयारीला होतो. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते दिवस. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टाक्यांजवळ जमावबंदी लागलेली. आप्पा दर रविवारी एसटीने शिरूरहून दोन कॅन घेऊन यायचे, गल्लीत कोणी बघू नये म्हणून वर पोतं टाकून.

आप्पांनी मोरीतली नळी काढून बादलीत सोडली. संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या कुंड्यांना पाणी घालून आले. वॉचमनशी ओळखही करून आले!

मी दुकानदाराला फोन केला. "कधी आलाय?"

"आजच सकाळी."

"पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवा. खायला लागला तर बावीस काय, पंचवीस देतो."

तो हसला. "साहेब, पंधरा दिवस कोण थांबतं? तोवर तीन जण नेतील."

हिशेब त्याच्या बाजूने बरोबर होता. मेला तर त्याचा तोटा, विकला तर माझा. एडिनबरोत १८२८ साली समुद्रातून आणलेलं एक समुद्रफूल बरणीत १८८७ पर्यंत जगलं होतं. पाणी बदलत बदलत. त्याला दुकानात कोणी रंग विचारला नसावा.

जांभळा सोमवारी गेला. कुणाकडे, ते विचारलं नाही. आता आरओची नळी बादलीतच असते. परवा पुन्हा फोटो आला, या वेळी निळा, "१८". मी एवढंच लिहिलं, "कधी आलाय?" अजून दोन निळ्या टिकाच आहेत.