मेह

आजोळच्या मोरीपाशी सकाळी काळ्या मुंग्यांची रांग लागलेली असे. आजोबा रात्री चार-चारदा उठत. आजी पाण्याचा तांब्या घेऊन यायची, पण ओतण्याआधी जरा वाकून रांग बघायची. "आज जास्त आहेत गं," असं आईला सांगायची, आणि त्या दिवशी आजोबांच्या ताटातला भात कमी व्हायचा. आजाराचं नाव तिच्या तोंडी एकच होतं, 'गोड लघवी'.

'मधुमेह' हा शब्द मी पुढे शाळेत वाचला. कॉलेजात संस्कृत घेतलं तेव्हा तो उलगडला. 'मिह्' म्हणजे शिंपणं, ओलं करणं, लघवी करणं. याच धातूपासून 'मेह' आला आणि, संस्कृत परंपरा सांगते तसा, 'मेघ'ही. आभाळातलं पाणी आणि मोरीतलं पाणी एकाच मुळाचं निघालं, तेव्हा आजोबांच्या आजाराची माझ्या मनातली लाज गेली. चरकसंहितेत प्रमेहाचे 20 प्रकार आहेत, मधुमेह त्यांतला एक. लघवीकडे मुंग्या धावतात, हे लक्षणही तिथे नोंदवलेलं आहे. म्हणजे आजीसारखं कुणीतरी तेव्हाही वाकून बघितलं होतं.

ग्रीक वैद्यांना या आजारात वाहणं दिसलं. 'डायबेटिस' म्हणजे आरपार निघून जाणारं. दुसऱ्या शतकातल्या अरेटियसने लिहिलं, की अंगातलं मांस वितळून लघवीवाटे जातं. आजोबांचे सैल झालेले सदरे आठवले की ते वर्णन मला तंतोतंत पटतं. पुढे त्या नावाला लॅटिन 'मेलिटस' जोडलं गेलं, म्हणजे मधाळ. 1776 साली इंग्लंडमध्ये मॅथ्यू डॉबसनने रुग्णाची लघवी आटवली, तेव्हा तळाशी साखर उरली. मुंग्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी भांड्यात दिसली.

आईच्या वेळी फ्रिजच्या दारात इन्शुलिन आलं. 'इन्शुला' म्हणजे बेट. स्वादुपिंडातली पेशींची ही बेटं लँगरहान्सने 1869 मध्ये पाहिली होती. त्यांतल्या स्रावाला बेटांचंच नाव मिळालं. आई रोज संध्याकाळी पोटाची चिमूट धरून सुई टोचायची, मग देवापाशी दिवा लावायची.

दोन वर्षांपूर्वी माझ्याही रिपोर्टवर तोच शब्द आला. आता सकाळी बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीला लावते. आकडा उमटेपर्यंत पाच सेकंद लागतात. तेवढा वेळ मी मोरीपाशी वाकलेली असते. आकडा मोठा आला, की तोंडून आपसूक निघतं, "आज जास्त आहेत गं."