पाना आणि पुस्तक

सिन्नर फाट्यावरून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर राखाडी धुरळा असतो. औष्णिक विद्युत केंद्रात जळणाऱ्या कोळशाची ती राख. आज तेथे प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा रेल्वेने येतो, वीज तारांवरून जाते आणि विटांसाठी, सिमेंटसाठी लागणारी राख मालमोटारींतून जाते. बारीक राख एअर क्लीनरमध्ये शिरते, जादा भाराने पाटे तुटतात, चढावर क्लच प्लेटा जळतात. म्हणून या रस्त्याने अनेक वर्षे मिस्त्रींना पोसले आहे.

अशाच एका मिस्त्रींच्या हाताखाली मी १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षे काम केले. सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर पाना, असा माझा दिनक्रम होता. मिस्त्रींचे दुकान म्हणजे कडुलिंबाचे झाड, एक पत्र्याची पेटी आणि टांगलेला टायर. मोबाइल नव्हते. गाडी बंद पडली की तिचा क्लीनर दुसऱ्या मालमोटारीत बसून झाडापाशी येई. मग पान्यांची पिशवी घेऊन आम्ही त्या दिशेने जाणाऱ्या गाडीच्या केबिनमध्ये चढत असू. कधी शिंदे-पळसे, कधी मोहदरी घाट, कधी त्याच्याही पुढे.

जागेवर पोहोचल्यावर मिस्त्री आधी इंजिनाकडे पाहत नसत. चाकांमागे दगड लावलेत का, मागे वीस-पंचवीस पावलांवर झाडाच्या फांद्या टाकल्यात का, हे ते पाहत. मग चालकाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेत. पण त्यावर विसंबून राहत नसत. चालक सांगे, "पंप गेला." मालकही फोनवर त्याला तेच सांगून बसलेला असे. मिस्त्री मात्र डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत. फेसाळ डिझेल येऊ लागले की म्हणत, "हवा धरलीय." बुडबुडे संपून अखंड धार लागेपर्यंत पंप मारायचा, स्क्रू आवळायचा आणि सेल्फ मारायचा. पुष्कळदा हजारोंचा 'गेलेला' पंप एवढ्यानेच जिवंत होई. पण काम तेथे संपत नसे. हवा कोठून शिरली, नळीचा सांधा कोठे सैल आहे, हे सापडल्याशिवाय ते गाडी सोडत नसत. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा थोरांचा शब्द एवढ्याच आधारावर काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. तो उपदेश मी पुढे ग्रंथात वाचला. त्याचा सराव आधीच मोहदरी घाटात झाला होता.

मिस्त्रींचा आणखी एक नियम होता. गाडी चालू झाली की पैसे घेण्याआधी रस्त्यावरचे दगड आणि फांद्या उचलायच्या. चालक घाईत निघून जातात, दगड डांबरावर तसेच राहतात आणि अंधारात मागून येणारा एखादा दुचाकीस्वार त्यावर जाऊन आदळतो. "तो कोण असेल ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणूनच उचलायचे," एवढेच ते म्हणत. मैत्रीची याहून सोपी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

रात्री, आडरानात, गाडी बंद पडलेल्या माणसाला जात आठवत नाही, असे मला त्या काळी वाटू लागले होते. सारे जण मिस्त्रींना 'दादा' म्हणत, हातातला चहा पुढे करत. एका रात्री घाटात लग्नाला निघालेल्या मंडळींची जीप दुरुस्त केली. दीड तास गेला. मंडळींनी तोवर रस्त्याकडेला शिदोरी सोडली होती. "मिस्त्री, बसा, दोन घास खाऊन घ्या," असा आग्रह झाला. आम्ही हात धुतले. तेवढ्यात त्यांच्यातील वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "गाव कोणतं? आडनाव काय?" मिस्त्रींनी सांगितले. कोणी काही बोलले नाही. मात्र आमच्यासाठी सरकवलेली ताटे मागे गेली, भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे आल्या आणि पाणी वरून ओंजळीत ओतण्यासाठी तांब्या उंच धरला गेला. मिस्त्रींनी मजुरी मोजून घेतली, भाकऱ्यांचे पुडके त्यांच्याच सतरंजीवर ठेवले आणि म्हणाले, "मजुरी पोहोचली. जेवण आमच्या घरी आहे." मग वाकून त्यांनी रस्त्यावरचे दगड उचलले. त्या रात्रीही उचलले.

पुढे एम. ए.ला इतिहास घेतला, तेव्हा त्या रात्रीचा अर्थ उलगडत गेला. आपल्याच नाशिक जिल्ह्यात, मनमाडला, फेब्रुवारी १९३८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानावरून बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ही उक्ती आपण नेहमी स्मरतो. पण त्याच भाषणात त्यांनी मांडलेले कामाचे वास्तव फारसे आठवत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. वर्कशॉपमध्येही तो मेकॅनिकच्या जागेपर्यंत क्वचितच पोहोचतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते त्याला बंद होते, कारण तुटलेला धागा जोडताना तोंड लावावे लागे. यंत्राला विटाळ नव्हता. तो यंत्राभोवतीच्या माणसांच्या मनात होता. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवले होते.

ज्यांना वर्कशॉपचे दार बंद होते, त्यांच्या पुढच्या पिढ्यांतील काहींनी उघड्या रस्त्यावर स्वतःचे वर्कशॉप उभारले. या नव्या धंद्यावर कोणत्याही जातीची पिढीजात मालकी नव्हती, म्हणून तो आपल्यालाही खुला झाला. परंतु अडलेल्या माणसाने दिलेला मान गाडी अडलेली असेतोवरच टिकतो. गरजेतून आलेली समता इंजिन सुरू होताच संपते. टिकणारी समता हक्कातून येते आणि हक्काला ज्ञानाचा आधार लागतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. देशाच्या वीजधोरणाची पायाभरणी आणि तंत्रशिक्षण हे दोन्ही विषय त्यांच्यासमोर होते. वीज कोणासाठी आणि तंत्र कोणाच्या हाती, हे प्रश्न त्यांच्या दृष्टीने एकच होते, असे मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून समजतो.

हा विषय आज या स्मरणिकेत मांडण्यास कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ मानकांची वाहने विकली जात आहेत. त्यांच्या इंजिनाचा कारभार संवेदक आणि संगणकीय नियंत्रण पाहतात. दोष शोधण्यास स्कॅनर लागतो आणि त्यावरील संकेत वाचता यावे लागतात. केवळ कानाने आणि बोटाने दोष ओळखणाऱ्या मिस्त्रींच्या हातून नवी वाहने निसटत चालली आहेत. ज्या धंद्याने आपल्याला दार उघडले, तेच दार आता पुस्तक नसलेल्या माणसासाठी बंद होत आहे.

आपल्या वसतिगृहात चालकांची, क्लीनरची, मिस्त्रींची मुले आहेत. वडिलांचा व्यवसाय सांगताना त्यांचा आवाज खाली जातो, हे मी वर्गात अनेकदा ऐकले आहे. त्यांना मला सांगायचे आहे : तुमच्या वडिलांचे हात जे जाणतात, ती विद्याच आहे, तिला लिपी मिळालेली नाही, एवढेच. सुटीत घरी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारा आणि वहीत लिहून घ्या. आवाजावरून बेअरिंग गेल्याचे कसे कळते? धुराचा रंग काय सांगतो? मग विज्ञानाच्या तासाला त्या वहीतले प्रश्न शिक्षकांपुढे ठेवा. तुमच्यातील कोणी आयटीआयला जावे, कोणी अभियंता व्हावे, कोणी एकलहऱ्याच्या नियंत्रण कक्षात बसावे.

आणि जो रस्त्यावरच पाना घेऊन उभा राहील, त्यानेही मान ताठ ठेवून उभे राहावे. काम संपल्यावर रस्त्यावरचे दगड मात्र न विसरता उचलावेत.